भिंतीवरची विनवणी : लाँग मेलफर्डचे पवित्र त्रैक्य चर्च

चर्च उभारण्यासाठी ज्यांनी द्रव्य दिले त्यांची नावे चर्चच्या भिंतीवर असावीत की नसावीत, हा प्रश्न नवा नाही. नवे चर्च उभे राहते, जुन्याचा जीर्णोद्धार होतो, नवी बाके येतात, नव्या मूर्ती बसतात, की हा प्रश्न निघतोच. आणि बहुधा संगमरवराच्या पाटीने त्याचे उत्तर दिले जाते. उजवा हात काय देतो ते डाव्या हातास कळू नये, ही प्रभूची शिकवण एका बाजूस आणि उपकारकर्त्यांचे स्मरण ठेवावे, ही कृतज्ञतेची रीत दुसऱ्या बाजूस, अशा कात्रीत धर्मग्रामाचे कारभारी सापडतात. या प्रश्नाचे एक उत्तर पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका धर्मग्रामाने आपल्या चर्चच्या बाह्य भिंतीवर दगडात लिहून ठेवले आहे. ते उत्तर आम्हांस विचार करावयास लावणारे वाटते. म्हणून त्या चर्चचा, म्हणजे सफक परगण्यातील लाँग मेलफर्ड येथील पवित्र त्रैक्याच्या चर्चचा, परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

या चर्चविषयी लिहिणारे बहुतेक लेखक त्याच्या भव्यतेने आणि प्रकाशाने दिपून जातात. ती प्रशंसा खोटी नव्हे. परंतु अपुरी आहे. आमच्या मते या वास्तूचे खरे मर्म तिच्या उंचीत वा खिडक्यांत नसून तिच्या भिंतीवरील एका क्रियापदात आहे. ते कसे, हे सांगण्यापूर्वी तिचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल.

गाव आणि त्याचे चर्च

लाँग मेलफर्ड हे लंडनच्या ईशान्येस, स्टाउर नदीच्या खोऱ्यातील गाव. एकाच लांबलचक रस्त्याच्या दुतर्फा ते वसले असल्याने त्याच्या नावामागे ‘लाँग’ हे विशेषण लागले. मध्ययुगात येथील जमीनजुमला बरी सेंट एडमंड्स येथील बेनेडिक्टाइन मठाच्या ताब्यात होता. पंधराव्या शतकात सफकमधील विणकरांचे लोकरी कापड दूरदूरच्या बाजारांत जाऊ लागले, आणि त्या व्यापारातून आलेला पैसा गावोगावी चर्चच्या रूपाने उभा राहिला. मेलफर्डचे चर्च हे त्या संपत्तीचे एक उत्तम फळ होय.

पूर्वीच्या चर्चच्या जागी आजची वास्तू सुमारे १४६७ ते १४९७ या तीस वर्षांत उभी राहिली. मुख्य दालन नऊ कमानींचे असून त्याची लांबी सुमारे १५२ फूट आहे. त्यांपैकी पश्चिमेकडील पाच कमानी आधीच्या चर्चमधील असाव्यात, असे जाणकार मानतात. म्हणजे जुने सारे मोडून नवे करावे, असा हट्ट त्या बांधकाम करणाऱ्यांनी धरला नाही. जे खांब उपयोगी होते ते त्यांनी ठेविले आणि त्यांच्या मापात पुढचे बांधले. शैली ‘पर्पेंडिक्युलर’ नावाची, म्हणजे गॉथिक वास्तुकलेची इंग्लंडातील अखेरची अवस्था. उभ्या सरळ रेषा, बारीक खांब, भिंतींचा संकोच आणि खिडक्यांचा विस्तार ही तिची लक्षणे. येथे खालची खिडक्यांची रांग आणि कमानींच्या वरची दुसरी रांग यांमध्ये भिंत अशी फारशी उरतच नाही.

या कामाच्या मागे अनेक हात होते, परंतु त्यांतील प्रमुख जॉन क्लॉप्टन यांचा. हे गृहस्थ गुलाबांच्या युद्धांच्या धामधुमीत लँकेस्टर घराण्याच्या पक्षाचे होते. १४६२ साली याच पक्षाच्या कटात ऑक्सफर्डच्या अर्लचा शिरच्छेद झाला; त्या प्रकरणात क्लॉप्टनही पकडले गेले होते, परंतु ते वाचले. पुढची पस्तीस वर्षे त्यांना लाभली आणि त्यांतील बराच काळ त्यांनी या चर्चच्या कामात घालविला. मृत्यूला इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाने हे चर्च बांधविले, ही गोष्ट वास्तूकडे पाहताना विसरता येत नाही.

काळ्या गारगोटीतील अक्षरे

सफकमध्ये बांधकामाला योग्य असा दगड जवळपास मिळत नाही. मिळते ती गारगोटी, जिला आपण चकमकीचा दगड म्हणतो. ती फोडली असता आतून काळी, चकचकीत निघते. बाहेरून आणलेला फिकट चुनखडीचा दगड आणि ही काळी गारगोटी एकमेकांत सपाट बसवून भिंतीवर नक्षी करावयाची, ही त्या प्रांतातील कारागिरांची खास विद्या. मेलफर्डच्या कारागिरांनी या विद्येने नुसती नक्षी केली नाही, अक्षरे लिहिली. वरच्या खिडक्यांच्या रांगेभोवती, द्वारमंडपावर आणि मरियामातेच्या चॅपेलवर ही अक्षरे धावत जातात, आणि ज्यांच्या द्रव्यातून तो तो भाग झाला त्यांची नावे सांगतात.

परंतु ही नावे सांगण्याची रीत पाहावी. रॉबर्ट स्पॅरो आणि त्यांची पत्नी मॅरियन, टॉमस कूपर आणि त्यांची पत्नी मेबल यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा. त्यांच्या मालमत्तेतून आणि या गावच्या सदिच्छ लोकांच्या साहाय्याने या सात कमानी नव्याने केल्या, असा एका लेखाचा आशय. दुसरीकडे रॉजर मोरिएल आणि मार्गारेट व कॅथरिन या त्यांच्या दोन पत्नी. आणखी एके ठिकाणी जाईल्स डेंट, जे या धर्मग्रामाचेच धर्मगुरू होते. द्वारमंडपावर क्लॉप्टन घराण्यातील नावे येतात आणि शेवटी, ज्या ज्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्यास जॉन क्लॉप्टन बांधील आहेत त्या सर्वांसाठी प्रार्थना करा, अशी विनंती येते. प्रत्येक वाक्याचा आरंभ एकाच क्रियापदाने होतो : प्रार्थना करा. ‘अमक्याने दिले’ हे विधान येथे मुख्य वाक्य नाही. ते विनवणीच्या पोटातील दुय्यम वाक्य आहे.

आम्ही ज्या क्रियापदाचा उल्लेख केला ते हेच. नाव लिहिण्याचे दोन प्रकार संभवतात. एकात नाव कर्त्याच्या जागी असते : यांनी दिले. वाचणाऱ्याने तेथे कौतुक करावे आणि पुढे जावे, एवढीच अपेक्षा. दुसऱ्यात नाव याचकाच्या जागी असते : यांच्यासाठी मागा. येथे वाचणाऱ्यास काम दिलेले आहे. दाता श्रीमंत म्हणून नव्हे, तर गरजू म्हणून भिंतीवर उभा आहे, आणि रस्त्याने जाणारा शेतमजूर त्याला जे देऊ शकतो ते त्याच्या तिजोरीत नाही. मृतांसाठी प्रार्थना करणे ही पवित्र आणि हितकर गोष्ट आहे, ही मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील शिकवण आपण दोन नोव्हेंबरला ऐकतो. मेलफर्डच्या लोकांनी ती वास्तुकलेत उतरविली.

दात्यांच्या मनातही या धोक्याची जाणीव होती, याचा पुरावा तेथेच आहे. त्या लेखांत एक लॅटिन वाक्य आहे. स्तुती मिळावी म्हणून हे मी दाखविलेले नाही, तर आत्म्याचे स्मरण व्हावे म्हणून, याला ख्रिस्त साक्षी असो, असा त्याचा भाव. दात्याला साक्षीदार बोलवावा लागतो, याचा अर्थ लोक काय म्हणतील हे त्याला ठाऊक होते. स्वतःच्या हेतूविषयी इतक्या उघडपणे शंका उपस्थित करून तिचे उत्तर ख्रिस्ताच्या साक्षीवर सोपविणारी वास्तू विरळा.

एक आक्षेप

येथे एक रास्त आक्षेप घेता येईल. ही नावे कोणाची? जमीनदारांची आणि कापडाच्या पेढीवाल्यांची. ज्यांनी लोकर पिंजली, सूत कातले, माग चालविले, त्यांची नावे कोठे आहेत? शिवाय धनवान माणूस आपल्या नावे नित्य मिस्सा व्हावी म्हणून चॅपेल बांधतो आणि त्यासाठी धर्मगुरू नेमतो. गरिबाला ते शक्य नाही. मग शुद्धिस्थानातील सुटकाही पैशाने मिळते काय? सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी हा प्रश्न कठोरपणे विचारला, आणि त्या प्रथेत शिरलेला व्यवहार पाहता तो निराधार होता असे आम्हांस म्हणवत नाही.

तथापि मेलफर्डच्या भिंतीला तिचा न्याय मिळाला पाहिजे. ‘गावच्या सदिच्छ लोकांच्या साहाय्याने’ हे शब्द त्याच दगडात, त्याच आकाराच्या अक्षरांत आहेत. त्या निनावी लोकांना कडेला टाकलेले नाही. स्त्रियांची नावे पतीच्या नावाबरोबर स्पष्ट दिलेली आहेत, हेही त्या काळाच्या मानाने लक्षणीय होय. हे लेख चॅपेलच्या आत, कुटुंबापुरते ठेवलेले नाहीत. ज्याला त्याला वाचता यावे म्हणून बाहेर आहेत, आणि त्यांतील बरेचसे लॅटिनमध्ये नसून लोकांच्या इंग्रजीत आहेत. पैशाने मिस्सा सांगता येतील, परंतु येणाऱ्याजाणाऱ्याची प्रार्थना विकत घेता येत नाही. ती मागावीच लागते. भिंतीने ती मागितली आहे.

थडग्यावरची रिकामी जागा

जॉन क्लॉप्टन १४९७ साली वारले. त्यांचे थडगे वेदीच्या उत्तरेस, वेदीभाग आणि त्यांच्या घराण्याचे छोटे चॅपेल यांमधील भिंतीच्या कमानीत आहे. त्या काळचे सरदार स्वतःची चिलखतधारी मूर्ती थडग्यावर निजवीत असत. येथे मूर्ती नाही, वरचा दगड सपाट, मोकळा आहे. कारण त्या दगडाला दुसरे काम होते. गुड फ्रायडेपासून पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत परमप्रसाद आणि क्रूस ज्या प्रतीकात्मक कबरेत ठेवीत, ती कबर याच जागी सजविली जात असे. कमानीच्या आतल्या बाजूस क्लॉप्टन कुटुंबाची आणि पुनरुत्थित ख्रिस्ताची चित्रे आहेत. स्वतःच्या थडग्यावर स्वतःला न निजविता दरवर्षी प्रभूला निजविण्यासाठी ती जागा मोकळी ठेवावी, यापेक्षा ख्रिस्ती मरणाचे उत्तम भाष्य दगडात झालेले आम्हांस ठाऊक नाही. बाहेरच्या भिंतीवर जे शब्दांत आहे तेच येथे शब्दांवाचून आहे.

शेजारच्या चॅपेलमध्ये छताखालून बरी येथील मठवासी कवी जॉन लिडगेट यांच्या ओळी रंगविलेल्या आहेत, आणि पूर्वेच्या खिडकीत काचेचे एक लहानसे चित्र आहे : लिलीच्या रोपट्यावर खिळलेला ख्रिस्त. लिली हे मरियेला मिळालेल्या शुभसंदेशाचे चिन्ह; प्रभूची गर्भधारणा आणि प्रभूचे मरण एकाच तिथीला, २५ मार्चला झाले, या जुन्या समजुतीतून हे चित्र उद्भवले. आकाराने ते लहान आहे. परंतु या चर्चमधील एकच वस्तू निवडावयाची झाली तर आम्ही हीच निवडू.

पुढे पूर्वेस, मुख्य चर्चला जोडलेले परंतु जणू स्वतंत्र असे मरियामातेचे चॅपेल आहे. त्यावर १४९६ हे वर्ष आहे. मध्ये वेदीस्थान आणि भोवती प्रदक्षिणेसारखी वाट, अशी त्याची दुर्मीळ रचना. १६७० पासून काही काळ त्यात गावची शाळा भरत असे, आणि भिंतीवर मुलांसाठी रंगविलेला गुणाकाराचा तक्ता आजही आहे. आम्हांस तो खटकत नाही. मरियेच्या घरात मुलांनी पाढे म्हटले, एवढाच त्याचा अर्थ.

रिकाम्या प्रकाशाची प्रशंसा

आता ज्या प्रकाशाची सर्वत्र वाखाणणी होते त्याकडे वळू. आज आत शिरणाऱ्यास एक लांब, उंच, स्वच्छ, उजळ दालन दिसते. लेखक त्याला काचेच्या कंदिलाची उपमा देतात. हा परिणाम सुंदर आहे. परंतु बांधणाऱ्यांना तो या रूपात अभिप्रेत नव्हता. त्यांच्या खिडक्या रंगीत चित्रांनी भरलेल्या होत्या. उरलेल्या काचा आता मुख्यतः उत्तरेकडील खिडक्यांत एकत्र केलेल्या आहेत. त्यांत गुडघे टेकलेले दाते आणि त्यांचे आप्त दिसतात. दालनाच्या आरपार लाकडी सज्जा होता, त्यावर मोठा क्रूस आणि दोन्ही बाजूंस मरिया व योहान. ठिकठिकाणी वेद्या, मूर्ती, मेणबत्त्या. आजचा प्रकाश हा काही अंशी कलावंताची कृती आणि काही अंशी लुटीचा परिणाम आहे, हे समीक्षकाने स्पष्ट सांगावयास हवे.

आत काय होते ते आपल्याला कळते ते एका माणसामुळे. रॉजर मार्टिन हे गावातील प्रतिष्ठित घराण्याचे गृहस्थ सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जन्मले आणि १६१५ साली वारले. आठव्या हेन्रीच्या काळात त्यांचे बालपण गेले. १५३९ साली बरीचा मठ बंद पडला, सहाव्या एडवर्डच्या काळात १५४७ पासून मूर्ती, वेद्या, मृतांसाठीच्या मिस्सा सारे गेले, १५५३ पासून पाच वर्षे मेरी राणीने ते परत आणले, आणि एलिझाबेथच्या राज्यात ते पुन्हा गेले. मार्टिन मात्र अखेरपर्यंत कॅथलिक राहिले, आणि उतारवयात त्यांनी आपल्या आठवणीतले चर्च लिहून काढले.

त्या टिपणात वेदीमागील सोनेरी दुःखसहनाचा देखावा आहे. मृत पुत्राला मांडीवर घेतलेली, गालांवरून अश्रू ओघळणारी मरियामाता आहे. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक आणि वरून मुलांमध्ये टाकलेली फुले आहेत. संत योहानाच्या सणाच्या आदल्या रात्री त्यांच्या आजोबांच्या दारात शेकोटी पेटे आणि गरीब शेजाऱ्यांना पाव व बिअर मिळे, हेही आहे. विद्वान इतिहासकार एमन डफी यांनी ‘द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स’ या १९९२ च्या ग्रंथात धर्मसुधारणेपूर्वीची सामान्य लोकांची श्रद्धा मरगळलेली नव्हती, हे दाखविताना अशाच साक्षींचा आधार घेतला आहे.

मार्टिन यांनी मोडतोडीतून क्रूसारोहणाचा एक देखावा आपल्या घरी आणून ठेवला होता. तो जीर्ण झाला होता. आपले वारस कधी तरी तो दुरुस्त करून चर्चला परत देतील, अशी आशा त्यांनी लिहून ठेवली. अशाच कोणा हातांनी, चौदाव्या शतकातील अलाबास्टरचे एक शिल्प वेदीभागाच्या फरशीखाली पुरून ठेवले असावे. तीन ज्ञानी राजे बाळ येशूला वंदन करीत आहेत, असे ते शिल्प अठराव्या शतकात सापडले आणि आज चर्चमध्येच आहे. मार्टिन यांची आशा मात्र त्यांच्या अर्थाने पुरी झाली नाही. ते चर्च आज इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाचे धर्मग्रामीय चर्च आहे.

त्या भगिनी पंथाच्या लोकांनी ही वास्तू शतकानुशतके जपली, याबद्दल कृतज्ञता व्यक्त न करणे अनुदारपणाचे ठरेल. १७१० च्या सुमारास वीज पडून मनोऱ्याची हानी झाली. त्यांनी विटांचा मनोरा बांधला, आणि १८९८ ते १९०३ या काळात बॉडली या वास्तुशिल्पज्ञाकडून त्याला दगड व गारगोटीचे आवरण घालून घेतले. मनोरा भारदस्त आहे, वास्तूला साजतो. पण त्यावर मन ठरत नाही. १८७७ ची वेदीमागील कोरीव दगडी भिंतही कुशल कारागिरीची, परंतु गर्दीची वाटते. क्लॉप्टनच्या मोकळ्या दगडाशेजारी ती फार बोलते.

काय टिकले

वेद्या गेल्या, मूर्ती गेल्या, क्रूसाचा सज्जा गेला, बहुतेक काचा गेल्या. देशभर थडग्यांवरील पितळी पत्रे ‘प्रार्थना करा’ या शब्दांपायी खरवडले गेले. मेलफर्डच्या बाह्य भिंतीवर मात्र तेच निषिद्ध शब्द राजरोस राहिले. ते चिकटविलेले नव्हते. तेच भिंत होते. ते काढावयाचे तर भिंत पोखरावी लागली असती. श्रद्धेची जी गोष्ट अलंकार म्हणून वर बसविली होती ती उचलता आली. जी बांधकामात मिसळली होती ती राहिली. जेथे मृतांसाठी प्रार्थना करणे अनेक पिढ्या वर्ज्य होते त्या चर्चच्या भिंती त्या साऱ्या पिढ्यांकडे प्रार्थनाच मागत राहिल्या.

यातून आमच्या धर्मग्रामांनी काय घ्यावे? वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चमध्ये फरशीवरचे पोर्तुगीज स्मृतिलेख झिजत चालले आहेत. ते लेख ज्यांचे, त्यांच्यासाठी आज कोण प्रार्थना करतो? आपल्या पाट्यांचीही हीच गत होणार आहे. दोन पिढ्यांनंतर संगमरवरावरील नाव कोणाचे हे कोणास ठाऊक नसेल, आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’ एवढेच वाक्य वाचणाऱ्यास त्याबद्दल काही करण्याजोगे उरणार नाही. ‘यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ असे लिहिले असेल तर नाव अनोळखी झाल्यावरही काम शिल्लक राहील.

आम्ही पाट्यांच्या विरुद्ध नाही. धर्मगुरू म्हणून देणगीदारांची यादी वाचून दाखविण्याचे काम आम्हीही करीत आलो आहोत, आणि देणाऱ्यांच्या मनातील प्रेम आम्ही जाणतो. आमचे सांगणे इतकेच की, पाटीवर क्रियापद बदलावे, आणि ज्यांनी पाच रुपये वा दोन दिवसांची मजुरी दिली त्या सदिच्छ लोकांसाठी त्याच अक्षरांत एक ओळ राखावी. मध्ययुगात धर्मग्रामाच्या उपकारकर्त्यांची नावे वर्षातून एकदा चर्चमध्ये वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांच्या नावांची यादी वेदीजवळ ठेवतो. तिच्यात ज्यांनी चर्च बांधले त्यांचीही नावे, आप्त उरलेले असोत वा नसोत, घालावयास काय हरकत आहे?

मेलफर्डचे दाते श्रीमंत होते, परंतु पाचशे वर्षे ते दारात उभे राहून मागत आहेत. हे वाचणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी रॉबर्ट आणि मॅरियन, टॉमस आणि मेबल यांच्यासाठी, आणि त्या गावच्या निनावी सदिच्छ लोकांसाठी, एकदा ‘प्रभो, त्यांना चिरविश्रांती दे’ असे म्हटले, तर त्या भिंतीचे काम या किनाऱ्यावरही झाले असे आम्ही समजू.